सात वर्षं थांबलेली पिशवी

इमारतीत बातमी अशी पसरली, की थांबाताईंनी शिंपीदादांच्या बाळंतीण लेकीला रक्तासाठी दोन तास ताटकळत ठेवलं आणि तेवढा वेळ स्वतः स्टुलावर बसून गाणं गुणगुणत होत्या. तळमजल्यावरच्या किराणावाल्या काकूंच्या दुकानात ही बातमी सकाळी साध्या कपड्यांत आली आणि दुपारी नटूनथटून बाहेर पडली. पहिल्या मजल्यावर तिला चहाचा कप जोडला गेला. दुसऱ्यावर बिस्किटं आली. चौथ्यावर पोचेपर्यंत थांबाताईंनी डॉक्टरला दम भरला होता, फोन आपटला होता आणि वर एक डुलकीसुद्धा काढली होती. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे बातमीही दमत दमत चढते आणि प्रत्येक मजल्यावर काहीतरी खाऊन मगच पुढे जाते.

खरं काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन तास नव्हेत, एक तास पन्नास मिनिटं. चहा नव्हता, रक्तपेढीच्या त्या खोलीत पाण्याचा घोटसुद्धा घेता येत नाही. डुलकी तर सोडाच. आणि गाणं? थांबाताईंचा आवाज ज्यांनी ऐकलाय, ते शपथेवर सांगतील की त्या गायल्या असत्या तर इस्पितळाची इमारत रिकामी झाली असती. ओठ मात्र हलत होते. ते का, हे यथावकाश येईल.

थांबाताई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या, जिन्यासमोरच्या दारातल्या. वय त्रेपन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून एकोणतीस वर्षं नोकरी. खरं नाव टपालावर तेवढं दिसतं. हाक मारायची तर थांबाताई, कारण बाईंच्या तोंडी दिवसभर तोच शब्द. दूध उतू जायला आलं, थांबा. दारात पाहुणे उभे, थांबा. नवरा बसवर वाहक. तो दिवसभर अख्ख्या शहराला "चला, चला, पुढे सरका" म्हणतो आणि घरी येऊन "थांबा" ऐकतो. लग्नाला होकार द्यायला हिने चौदा महिने लावले, असं तो अजून चारचौघांत सांगत असतो. त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं: "जुळतंय का ते तपासत होते. त्याला वेळ लागतो."

शिंपीदादा पहिल्या मजल्यावर राहतात, दुकान रस्त्यापलीकडे. हात सोन्याचा, पण त्यांच्या दुकानात एकच वार असतो, उद्या. कपडा टाकायला गेलं की "उद्या या", न्यायला गेलं की "उद्या या". वरातीला घालायचा कोट नवऱ्यामुलाने पोराच्या वाढदिवसाला घातला, अशी उदाहरणं आहेत. थांबाताईंच्या कामावरच्या पांढऱ्या कोटाची बाही एकदा फ्रीझरच्या कडीत अडकून उसवली. अर्ध्या तासाचं काम. ताईंनी तो कोट दादांकडे टाकला. तेव्हापासून त्या कामावर एका उंच सहकाऱ्याचा कोट घालतात, बाह्यांना तीन-तीन घड्या मारून.

आता मुद्द्याचं. मुद्दा सात वर्षांपूर्वीचा आहे.

शिंपीदादांची लेक तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मैत्रिणींबरोबर ऐटीत रक्त द्यायला गेली. तिच्या रक्ताची नळी थांबाताईंच्या हातात आली आणि ताई चक्रावल्या. वरवर पाहता अगदी नेहमीचा गट. पण त्याच नेहमीच्या गटाच्या दुसऱ्या रक्ताशी गाठ घालून दिली की दोघांचं भांडण, नळीत गुठळ्याच गुठळ्या. त्यांनी तीनदा तपासलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

रक्ताचा गट म्हणजे पेशीच्या पटलाबाहेर लोंबणाऱ्या साखरेच्या बारीक साखळ्या. दारावरची पाटीच म्हणा. जवळजवळ सगळ्या माणसांच्या तांबड्या पेशींवर एक पायाची साखर असते आणि गटागटाच्या बाकीच्या खुणा तिच्यावर बसतात. या पोरीच्या पेशींवर ती पायाची साखरच नव्हती. पाटी कोरी. त्यामुळे दुसऱ्या कुणाचंही रक्त तिला दिलं, तर तिचं शरीर ती साखर पाहून चोर शिरला म्हणून तुटून पडणार. लाखात एखाद्याचं असं असतं. एवढ्या मोठ्या देहाचं जगणं-मरणं साखरेच्या एका कणावर! एकोणतीस वर्षांत ताईंना याची सवय झालेली नाही. त्या वाक्याशी आल्या की अजून आवाज खाली येतो, जणू देवघरात उभ्या आहेत.

घरच्यांना बोलावून तपासलं. आईचं जुळेना. शिंपीदादांचं जुळेना. ते घाबरून म्हणाले, "ताई, पोर माझीच आहे ना?"

"नाक बघा, दादा. त्याला तपासणी लागत नाही."

जुळलं ते एकाचंच. दादांच्या थोरल्या भावाचं.

हे भाऊ म्हणजे वावटळकाका. टपाल खात्यात पोस्टमन. जिना तीन-तीन पायऱ्या गाळून चढायचे, पत्र दाराखालून सरकवायचे आणि घरातल्यांनी कडी काढेपर्यंत पुढच्या गल्लीत पोचलेले असायचे. जेवतानासुद्धा एक पाय चपलेत. असा माणूस रक्त द्यायला आडवा झाला, तेव्हा त्याचा पाय पलंगाच्या कडेवर टकटक वाजायला लागला.

"झालं?"

"अजून सुई नीट लागली नाही, काका. थांबा."

"आता?"

"पाय हलवू नका."

"मग काहीतरी सांगा. गप्प पडून राहायची सवय नाही मला. ही पेशी-पेशी म्हणता, तिला भिंत असते का हो?"

आपल्याला कुणी हे विचारावं, याची थांबाताई बावीस वर्षं वाट बघत होत्या. एरवी पलंगावर आडवी झालेली माणसं फक्त बिस्किटांबद्दल विचारतात.

"भिंत नाही, काका. दुधावरची साय म्हणा. पण दोन थरांची, आणि इतकी पातळ की कागदाच्या एका पानाच्या जाडीत तेरा-चौदा हजार मावतील."

"आणि फाटत नाही?"

"ती बारक्या रेणूंची बनलीय. प्रत्येकाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. पेशीच्या बाहेर पाणी, आतही पाणी. मग हे काय करतात? दोन ओळींत शेपटीला शेपटी लावून उभे राहतात. एका ओळीची डोकी बाहेर, दुसरीची आत, शेपट्या मध्ये कोरड्या. कुणी चिकटवलं नाही, कुणी शिवलं नाही. पाण्यात सोडलं की आपणहून."

"न शिवता? भावाला सांगू नका. धंदा बसेल त्याचा."

"शिवाय वेळेवर तयार होतं."

काका खदखदून हसले, पिशवी हलली, ताईंनी डोळे वटारले.

"बरं, मग आत-बाहेर कोण जातं? का सगळंच बंद?"

"प्राणवायू थेट आरपार जातो, कुणाला विचारतही नाही. साखर, मीठ यांना ती साय अडवते. त्यांच्यासाठी सायीत प्रथिनांची दारं बसवलेली आहेत, ज्याचं त्याला वेगळं. पाण्याचं दार तर इतकं अरुंद, की रेणू एकामागून एक रांगेतच शिरतात. तरी एका दारातून सेकंदाला अब्जावधी जातात. आणि एका तांबड्या पेशीला अशी दोनेक लाख दारं."

टकटक थांबली. काकांचा पाय पहिल्यांदाच निपचित पडला होता.

"शिवाय पंप आहेत," ताई म्हणाल्या. "बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, हा फरक राखावाच लागतो. दोन्ही सारखे झिरपत असतात. म्हणून पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. परत तीन बाहेर, दोन आत. उताराच्या उलट ओझं वाहायचं, म्हणून त्याला खाणं लागतं."

"रजा?"

"नाही."

"रविवारी?"

"नाही."

"पोस्टमास्तर कोण तिथे?"

"कुणीच नाही, काका."

वावटळकाका छताकडे बघत राहिले. अडतीस वर्षं दारोदार फिरलेला माणूस. दार म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि आता कळलं, की आपल्याच अंगात थेंबाथेंबात अशी दारं, पत्ते, आवक-जावक, आणि साहेब कुणीच नाही. मग ते हळूच म्हणाले, "झालं?" पण या वेळी तो प्रश्न नव्हता, सवय होती.

पिशवी भरल्यावर ताईंनी त्यांना फ्रीझर दाखवला. उणे ऐंशी अंश. दार उघडलं की पांढरी वाफ पायावर सांडते. "असंच ठेवलं तर पेशींत बर्फाचे सुऱ्यांसारखे स्फटिक होतात आणि ती साय भोसकली जाते. म्हणून आधी ग्लिसरिन घालायचं. ते हळूहळू आत झिरपतं आणि बर्फाला सुरे परजू देत नाही. मग हे रक्त इथे झोपतं."

"किती दिवस?"

"दहा वर्षं."

काकांनी शिट्टी वाजवली. "म्हणजे भावाकडे टाकलेला माझा सदरा मिळेपर्यंत टिकेल?"

"दहा वर्षं म्हटलं, काका. जास्त आशा लावू नका."

काही महिन्यांनी काकांनी आणखी एक पिशवी दिली. ती पुढे दुसऱ्या शहरात कुणा अनोळखी पोराच्या शस्त्रक्रियेला गेली. उरली पहिली. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी, खांद्यावर थैली आणि हातात कुणाचं तरी पत्र असताना, वावटळकाकांचं हृदय बंद पडलं. सदरा मिळाला नाही तो नाहीच.

थांबाताई रोज सकाळी फ्रीझरचं तापमान वहीत लिहितात. खालून दुसऱ्या कप्प्यात ती पिशवी दिसायची. लेबलावर नाव नसतं, नुसता आकडा. पण ताईंना माहीत होतं, इथे कोण झोपलंय. आयुष्यात सात मिनिटं एका जागी न बसलेल्या माणसाचं रक्त सात वर्षं हूं की चूं न करता पडून होतं.

शिंपीदादांच्या लेकीचं लग्न झालं, दिवस राहिले. डॉक्टरीणबाई आणि ताई यांनी सगळं आखून ठेवलं होतं: अमुक तारखेला बाळंतपण, त्या सकाळीच पिशवी वितळवायची. पण बाळाने काकाआजोबांचा स्वभाव घेतला होता. तीन आठवडे आधीच, भर दुपारी, दाराशी हजर. मुलगी. पोर ठणठणीत, पण आईचं रक्त थांबेना.

दोन वाजून दहा मिनिटांनी रक्तपेढीत फोन वाजला. "ताई, ती पिशवी काढा. पोट उघडावं लागेल, पण रक्त हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावू शकत नाही. तोवर सलाइनवर धरून ठेवते."

ताईंनी जाड हातमोजे चढवले आणि दुसऱ्या कप्प्यातून पिशवी काढली. विटेसारखी कडक, गंजक्या रंगाची. सदतीस अंशांच्या पाण्यात हलकेच सोडली. वितळायला पंचवीस मिनिटं. त्यात काही करता येत नाही. पाणी आणखी गरम केलं तर पेशी भाजून निघतात.

वितळणं सोपं. खरी मेख पुढे. पेशींच्या पोटात सात वर्षांचं ग्लिसरिन बसलेलं असतं. ते तसंच माणसाच्या अंगात सोडता येत नाही, काढावं लागतं. आणि ग्लिसरिनला बाहेर पडायला वेळ लागतो, पाण्याला आत शिरायला लागत नाही. बाहेर एकदम साधं सलाइन लावलं, तर ग्लिसरिन दारात चपला शोधत असतानाच पाणी त्या लाखो दारांतून लोंढ्याने घुसतं, पेशी फुगते आणि ती साय फुटते. म्हणून आधी खूप खारट पाणी लावायचं, म्हणजे बाहेरचं मीठ पाण्याला ओढून धरतं. मग कमी खारट. मग शेवटी रक्ताइतकं, थोडी साखर घालून. तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर थांबणं.

ही अक्कल ताईंना पुस्तकातून आली नव्हती. नोकरीला लागल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या, चटपटीत. तेव्हा त्यांना कुणी थांबाताई म्हटलं असतं तर लोक हसले असते. अशीच एक पिशवी वितळवली आणि थेट साधं सलाइन लावलं. शरीरात जितकं मीठ तितकंच सलाइनमध्ये, याहून निर्धोक काय असणार? एका मिनिटात गढूळ लाल रंग स्वच्छ झाला. दिसायला सुंदर, माणकासारखा. त्या आनंदाने खात्याच्या मोठ्या बाईंकडे नळी घेऊन गेल्या. मोठ्या बाईंनी नळीमागे छापील कागद धरला. "वाच."

ताईंनी घडाघडा वाचलं.

"चांगल्या रक्ताच्या आरपार दिसत नाही, पोरी. पेशी मध्ये उभ्या असतात. तुला अक्षरं वाचता आली, म्हणजे मध्ये कुणी उरलेलं नाही."

त्या दिवशीच्या रोग्याला दुसऱ्या गावाहून पिशवी मिळाली आणि तो वाचला. पण तो कागद ताईंच्या पाकिटात अजून आहे. त्यावरचा मजकूर म्हणजे कुठल्याशा पंख्याची हमी. बाईंनी हाताला आलं ते धरलं होतं.

तर, दोन पस्तीसला पिशवी वितळली. पहिलं खारट पाणी घातलं. पाच मिनिटं नुसतं बसायचं. नेमके याच वेळी शिंपीदादा खिडकीशी आले. गळ्यात मापाची पट्टी तशीच, बोटात शिवताना घालायचं धातूचं अंगुस्तान. काचेतून त्यांना दिसलं ते असं: पोर वर मरणाच्या दारात आणि थांबाताई स्टुलावर, हात मांडीवर, ओठ हलतायत.

त्यांनी काचेवर अंगुस्तान बडवलं. "ताई! अहो ताई! बसलात काय?"

ताईंनी मान न वळवता हात वर केला. "दादा, थांबा."

"माझी पोर आहे हो ती!"

"माझीही आहे. थांबा."

दुसरी पायरी. यंत्र फिरायला लागलं. वाटीसारखं भांडं गरगरतं, पेशी कडेला चिकटतात आणि धुतलेलं पाणी पारदर्शक नळीतून बाहेर जातं. नळी लालभडक होती, वाटेत फुटलेल्या थोड्या पेशींच्या रंगाने. फोन वाजला. "ताई, किती वेळ?" "थांबा, डॉक्टर." दहा मिनिटांनी पुन्हा वाजला. नळी अजून गडद गुलाबी. सव्वातीनला तिसऱ्यांदा वाजला, आणि या वेळी डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला होता.

"ताई, दाब उतरतोय. मला ही पिशवी आत्ता हवी. एखादी पायरी कमी नाही का होत? मधली धुलाई आटोपती घ्या. शेवटचं सलाइन लावा आणि द्या."

खिडकीत शिंपीदादांनी कपाळ काचेला टेकवलं होतं. श्वासाने काच धुरकटत होती.

थांबाताईंचा हात तिसऱ्या बाटलीची नळी दाबून ठेवणाऱ्या चिमट्याकडे गेला. हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. हात गेला. बोटांनी चिमटा धरलासुद्धा. उघडला की वीस मिनिटं वाचणार होती. पोरगी लहानपणी त्यांच्याच दारात बसून खडूने जिन्याच्या पायऱ्यांवर चित्रं काढायची. तीस पायऱ्या वर ती पांढरी पडत चालली होती आणि इथे चिमटा बोटांत होता.

मग त्यांनी नळीकडे पाहिलं. गुलाबी. म्हणजे धुणं पुरं झालेलं नाही, आत अजून ग्लिसरिन आहे. अब्जावधी पेशी सात वर्षं दम धरून उभ्या आहेत, एका कागदाच्या तेरा हजाराव्या हिश्शाइतकी साय पांघरून. दाराबाहेर पाणी टपून आहे. आत्ता घाई केली तर वीस मिनिटं वाचतील आणि वर जाईल ते माणकासारखं सुंदर लाल पाणी.

चिमटा सोडला. "डॉक्टर, अर्धवट धुतलं तर रक्त नाही, रंग मिळेल तुम्हाला. चार वाजता देते. तेवढं तिला धरून ठेवा."

पलीकडे डॉक्टरीणबाईंनी कुणाला तरी सलाइन वाढवायला सांगितलं. मग, "धरते."

याच वीस मिनिटांत ओठ सर्वांत जास्त हलले. खिडकीबाहेर ऐकू येत नव्हतं, म्हणून गाण्याची बातमी झाली. ताई पिशवीशी बोलत होत्या: "वावटळकाका, जन्मभर पळालात. आज एवढंच ऐका माझं. तुम्ही आत थांबा, त्या ग्लिसरिनला तेवढं जाऊ द्या. पाण्याला दार उघडू नका अजून. थोडंच राहिलं. थांबा, काका, थांबा."

नळी फिकट झाली. मग पाण्यासारखी. मग ताईंनी शेवटची, साखरेची बाटली उघडली. सात वर्षं बंद पडलेल्या पंपांना पहिला घास. तीन बाहेर, दोन आत. कुणी सांगायला नाही, कुणी शिट्टी फुंकायला नाही. ऊब मिळाली, खाणं मिळालं, की कामावर हजर. मालक जाऊन तीन वर्षं झाली होती. नोकरांना कुणी कळवलंच नव्हतं.

एक थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खरं तर नियमात बसवायला नळीची तपासणी पुरते, पण तो एक थेंब ताई स्वतःसाठी बघतात. गोल चकत्या, मध्ये हलका खळगा, कडा धारदार. एकही सुरकुतलेली दिसेना. उणे ऐंशी अंशांच्या गारठ्यातून उठून आलेल्या त्या इवल्या पेशी भिंगाखाली डुलत होत्या, सकाळी फेरीला निघायच्या आधी पोस्टमन दारात उभे राहतात तशा. ताईंच्या अंगावर काटा आला. दर वेळी येतो, पण आज चष्म्याची काचही ओली झाली.

मग पाकिटातून तो जुना कागद काढला आणि नळीमागे धरला. पंख्याची हमी. एक अक्षर वाचता आलं नाही. न वाचता आल्याचा इतका आनंद शाळेत कधी कुणाला झाला नसेल.

चारला बरोबर खिडकी उघडली. पिशवी वर गेली, सुरी लागली, रक्त आवरलं. साडेपाचला डॉक्टरीणबाईंनी खाली फोन केला आणि नुसतं "ताई" एवढंच म्हणाल्या. ताई म्हणाल्या, "कळलं." मग त्या खोलीबाहेर जाऊन पोटभर पाणी प्यायल्या.

नऊ दिवसांनी माय-लेकी घरी आल्या. पहिल्या मजल्यावर दार उघडंच होतं आणि इमारतीतलं एकही माणूस आपल्या घरी नव्हतं. किराणावाल्या काकूंनी दुकानाला कुलूप घातलं होतं. त्यांच्या आयुष्यातला तो मोठा त्याग. थांबाताई बाळाला घेऊन बसल्या होत्या, बाह्यांना तीन-तीन घड्या. थेट कामावरून आल्या होत्या.

लेक म्हणाली, "मावशी, खरं सांगा. गाणं म्हणत होता का?"

काकूंनी कान टवकारले.

ताईंनी जे होतं ते सांगितलं. चिमट्यासकट. काकांशी काय बोलल्या तेसुद्धा. लेकीने आपला हात उलटा करून मनगटावरची निळी शीर पाहिली.

"म्हणजे काका आत्ता... इथे पळतायत?"

"साधारण मिनिटाला एक फेरी. अजून दोनेक महिने तरी त्यांची ड्युटी आहे."

"आणि मग?"

"मग तोवर तुझ्या स्वतःच्या तयार होतील. तुझी पाटीही कोरीच ना. काकांची फेरी पुढे चालवायला त्यांना पत्ता शोधावा लागणार नाही."

शिंपीदादा भिंतीकडे तोंड करून मापाच्या पट्टीच्या टोकाने डोळे पुसत होते. भावाच्या नावाने हुंदका येत होता, पण नऊ दिवस बडबडलेल्या गोष्टीची लाजही होती, आणि सगळी इमारत बघत होती. अशा वेळी माणसाला माघार घेता येत नाही, निदान शिंप्याला तरी. ते वळले, घसा खाकरला आणि म्हणाले, "उपकार आहेत, ताई, जन्मभर फिटणार नाहीत. पण तरी... मनातलं विचारतो. थोडं लवकर नसतं का झालं? दहा मिनिटं तरी?"

थांबाताईंनी बाळ त्याच्या आईकडे दिलं, चष्मा नाकावर सरकवला आणि दोन्ही हात पुढे करून घड्या मारलेल्या बाह्या दादांच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"दादा, सात वर्षं गोठलेलं रक्त मी एक तास पन्नास मिनिटांत चालतं करून दिलं. माझी एक बाही तुमच्याकडे अकरा महिने पडून आहे. ती तर गोठलेलीही नाही."